गंजलेली पिकअप: दुरुस्तीला कर्ज द्यायचं का?



या वेळचा धडा एका खऱ्या कर्ज अर्जावरून घेतलाय. जव्हार तालुक्यातल्या एका समूहाच्या ताईंनी ग्रामसंघाकडे समुदाय गुंतवणूक निधीतून दीड लाख रुपये मागितले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "जुनी पिकअप दुरुस्तीसाठी." ताईंचे यजमान लालबागला एका शेठकडे बरीच वर्षं ड्रायव्हर होते. धंदा बंद झाला तेव्हा शेठने थकलेल्या पगाराच्या बदल्यात गाडीच देऊन टाकली. ती दोन पावसाळे लालबागच्या एका गल्लीत उभी होती. आपला मोगरा आणि भाजी त्या गाडीतून दादरच्या बाजारात न्यायची, असा त्यांचा विचार होता. विचार वाईट नव्हता. सध्या भाड्याच्या गाडीला एका फेरीचे ४,५०० रुपये जातात.

बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, आपल्याच बाईचा संसार उभा राहील. बाकीच्या म्हणाल्या, दीड लाख अडकले तर बी-बियाण्याला मागणाऱ्या दहा जणींना काय सांगायचं? दोन्ही बाजू खऱ्याच होत्या. शेवटी ठरलं, आधी गाडी बघू. अध्यक्ष ताई, एक मावशी आणि मी अशा तिघी निघालो.

मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं. एमएसडब्ल्यूला हा पेपर नसतो! म्हणून परळच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना पैसे देऊन सोबत घेतलं. त्या दिवसातले हे पाचशे रुपये सगळ्यात चांगले खर्च झाले असं मी म्हणेन.

दादांनी आधी बॅटरी जोडून इंजिन चालू करून दाखवलं. धूर भरपूर, पण चालू झालं. आम्ही तिघी खूश. काका म्हणाले, "इंजिनाचं नंतर बघू. आधी गोणपाट आणा."

गोणपाट टाकून ते गाडीखाली शिरले आणि आम्हालाही वाकून बघायला लावलं. गाडीखाली पुढून मागपर्यंत दोन लांब लोखंडी पट्ट्या असतात, ती चासी. इंजिन, केबिन, हौदा, सगळा भार तिच्यावर. इंजिन बिघडलं तर उघडून नीट करता येतं, दरवाजे कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानात मिळतात, केबिनचा तळ नवा पत्रा मारून होतो. चासीचं तसं नाही. गाडीचा नंबर तिच्यावरच कोरलेला असतो, आणि तोच आरसीवर असतो.

गंज दोन प्रकारचा असतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एक वरचा तांबडा. तारेच्या ब्रशने घासला की खाली चकचकीत लोखंड लागतं. त्याला प्रायमर आणि रंग पुरतो. दुसरा आतून खाणारा. त्याचे पापडासारखे पापुद्रे सुटतात. काकांनी हातोडीने चासीवर ठोकत आवाज ऐकवला. पुढच्या भागात ठण्ण वाजलं. मागे, जिथे पाटे बसवलेले असतात तिथे, नुसतं थप्प. तिथे पेचकस टेकवून दाबला तर आत गेला! मावशी म्हणाल्या, "अगं, हे तर वाळवी लागलेल्या वाशासारखं झालंय."

कारण विचारलं तेव्हा कळलं. गाडी आधी भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहायची. बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून थेंब थेंब चासीवर पडायचं. वर पावसाळ्यात परळ-हिंदमाताला रस्त्यावर साचणारं पाणी. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंड लवकर खाल्लं जातं. गाडी शेठने आधी कशासाठी वापरली हे म्हणून विचारायचंच. बाहेरून एका बाजूचा पत्रा गुळगुळीत दिसत होता, पण अध्यक्ष ताईंनी काकांकडचं लोहचुंबक लावलं तर चिकटेना. आत पुटी भरून वर रंग मारला होता.

मग कागद. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, टॅक्स कधीपर्यंत आहे ते दिसतं. माल वाहणाऱ्या गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, आणि १५ वर्षं उलटली की त्याची फी बरीच वाढते. ही गाडी २००८ ची, फिटनेस दोन वर्षांपूर्वीच संपलेला. आणि आरसीवर नाव अजून शेठचंच! दादा म्हणाले, "त्यांनी चावी दिली की माझ्या हातात." पण चावी म्हणजे मालकी नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो.

दादांना हे पटत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा इंजिनावर येत होते. मिस्त्रीकाकांनी त्यांना काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची आठवण करून दिली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली आणि टॅक्सी म्हणून ती बंद झाली. तारीख संपल्यावर इंजिन कसं आहे ते कोणी विचारलं नाही. शौक म्हणून कोणी अशी गाडी सजवून ठेवतात, तो वेगळा हिशोब. आपल्याला गाडीने कमवायचंय.

हिशोब आम्ही तिथेच चहाच्या टपरीवर वहीत मांडला. इंजिन ४५,०००, पत्रा आणि रंग ४०,०००, चार टायर २२,०००, बॅटरी-वायरिंग १३,०००. झाले १,२०,०००. टॅक्स, विमा, फिटनेस, नावबदल धरून अंदाजे ४०,०००. एकूण १,६०,०००, म्हणजे मागितलेलं कर्जही अपुरं. स्वतःच्या गाडीने फेरी केली तर डिझेल, टोल, ड्रायव्हर मिळून ३,००० खर्च. भाड्यापेक्षा फेरीमागे १,५०० वाचतात. १,६०,००० भागिले १,५०० केलं तर १०७ फेऱ्या. वर्षाला आपल्या ६० फेऱ्या होतात. म्हणजे नुसतं घातलेलं परत यायला पावणेदोन वर्षं, व्याज वेगळंच. आणि चासीचा खर्च यात धरलेलाच नाही.

चासी धड असती तर मी स्वतः हो म्हटलं असतं. पावणेदोन वर्षं तशी जास्त नाहीत. पण भरलेली गाडी जव्हारच्या घाटात असताना मागचा पाटा सुटला तर? "वेल्डिंग मारून एक वर्ष ढकलता येईल," असंही एकाने सुचवलं. काका म्हणाले, कुजलेल्या लोखंडाला वेल्डिंग धरत नाही, शेजारून पुन्हा फुटतं.

बैठकीत अर्ज नामंजूर झाला. ताई रडल्या, हे लपवत नाही. पगाराचे पैसे त्या गाडीत अडकले होते. म्हणून गाडी तशीच भंगारवाल्याला देऊ नका, असं त्यांना सांगितलं. आरसी रद्द न करता गाडी दिली आणि पुढे ती कुठे वापरली गेली, तर चलनं नोंदणीकृत मालकाच्याच नावावर येतात. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी फी माफ होते. पण केंद्रात द्यायलाही शेठची सही लागणारच. अध्यक्ष ताई दादांना घेऊन पुन्हा लालबागला गेल्या, तेव्हा दुसऱ्या खेपेला ती मिळाली.

भंगाराचे पैसे आले की ताई नवा अर्ज करणार आहेत. वाड्याला एक सात वर्षांची पिकअप विकायला आहे म्हणे. रविवारी बघायला जायचंय; हातोडी आणि लोहचुंबक मावशींच्या पिशवीत आहे.