वाटेवरची वाद्ये

शास्त्रपाठ : गणना १०:१-१०, १ इतिहास, अध्याय १३ व १५, एज्रा २:६४-६७.
पाठांतरासाठी वचन : यशया ३०:२९.

पिके घरात आली म्हणजे आपल्या खेड्यांतील मंडळ्या वार्षिक सभेस अथवा मेळ्यास निघतात. कोणी बैलगाडीने, कोणी टेम्पोने वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, आणि जवळचे लोक पायीच निघतात. बरोबर भाकरीचे गाठोडे व अंथरूण असते, आणि बहुधा टाळ, ढोलकी व पेटीही असते. अशा वेळी पुष्कळ मंडळ्यांत एक प्रश्न उठतो. एक बंधू म्हणतो, "वाजवीत-गात वाट चालणे ही दिंडीची रीत आहे, ती आपण का घ्यावी?" दुसरा म्हणतो, "मुकाट्याने गेलो तर आपण कोणाचे लोक आहो हे वाटेवरच्या गावांस कसे कळावे?" प्रश्न लहान दिसतो, परंतु त्यावरून मने दुखावतात व सोबत तुटते. म्हणून शास्त्रात देवाचे लोक वाटेने कसे चालले व त्यांच्या हाती कोणती वाद्ये होती, हे आपण क्रमाने पाहू.

१. निघण्याची खूण

रानात इस्राएल लोकांचा मोठा तांडा चाले. त्यासाठी चांदीचे दोन कर्णे घडवून करावे अशी आज्ञा परमेश्वराने मोशेस दिली. ते वाजविण्याचे काम अहरोनाच्या वंशातील याजकांकडे होते. दोन्ही कर्णे वाजले म्हणजे सर्व मंडळीने दर्शनमंडपाच्या दाराशी जमावे. एकच वाजला तर फक्त सरदारांनी यावे. इशाऱ्याचा पहिला नाद झाला की पूर्वेकडील छावण्यांनी कूच करावे, दुसरा झाला की दक्षिणेकडील छावण्यांनी. तेच कर्णे लढाईच्या वेळी, सणाच्या दिवशी व नव्या चंद्राच्या दिवशीही वाजत.

येथे वाद्याचे पहिले काम दिसते. ते लोकांस एकत्र ठेवते. हजारो माणसे, मुलेबाळे व गुरेढोरे एका शब्दाने हलवावयाची, तर माणसाचा आवाज पुरत नाही. पण नाद ओळखू आला पाहिजे. जमण्याचा नाद निराळा व निघण्याचा निराळा. ज्याला वाटेल त्याने, वाटेल तेव्हा वाजविले असते तर तांड्याची फाटाफूट झाली असती.

२. दोन मिरवणुका

दावीद राजाने देवाचा कोश किर्याथ-यारीमाहून यरुशलेमास आणण्याचे ठरविले. वाट फार लांब नव्हती, सुमारे १२ किलोमीटरांची. कोश नव्या गाडीवर ठेविला; पुढे वीणा, सतार, डफ, झांजा व कर्णे वाजत होते, आणि राजा स्वतः सर्व बळाने आनंद करीत होता. इतक्यात बैल अडखळले. उज्जाने हात लांबवून कोश धरिला आणि तो तेथेच मेला. मिरवणूक थांबली, गाणे बंद पडले, व कोश ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहिला.

ह्या तीन महिन्यांनंतर दावीदाने काय बदलले, ह्याकडे शिक्षकाने वर्गाचे लक्ष वेधावे. आपल्या वाद्यांनी देव रागावला असे मानून त्याने ती टाकून दिली काय? नाही. दुसऱ्या मिरवणुकीतही कर्णे, झांजा, सतारी व वीणा होत्याच. उलट हेमान, आसाफ व एथान हे पितळेच्या झांजा वाजविण्यास नेमले गेले, आणि गायनात निपुण म्हणून कनन्या गाणे शिकविण्यास नेमला गेला. बदलली ती गाडी. कोश कहाथाच्या वंशजांनी खांद्यावर वाहावा असा नियम होता (गणना ७:९). पलिष्ट्यांनी मात्र तो परत पाठविताना नव्या गाडीवर घातला होता (१ शमुवेल ६:७), आणि पहिल्या खेपेस तशीच गाडी दावीदाने केली. आपण नियमाप्रमाणे देवास शरण गेलो नाही, हे त्याने पुढे लेव्यांपुढे कबूल केले (१ इतिहास १५:१३). दुसऱ्या खेपेस लेव्यांनी दांड्यांनी कोश खांद्यावर घेतला.

आमच्या मते ह्या पाठाचा गाभा हाच आहे. गाजावाजा कितीही मोठा असला तरी आज्ञाभंग झाकला जात नाही. आणि आज्ञा पाळली जाते तेथे वाद्ये देवास नकोशी नाहीत. मिरवणूक बिघडली म्हणजे प्रथम झांजांस दोष देऊ नये; कोश कशावर ठेविला आहे ते पाहावे.

३. चढणीची वाट

वर्षांतील सणांस यहुदी लोक गावोगावाहून टोळ्या करून यरुशलेमास जात. नासरेथाहून ही वाट १०० किलोमीटरांहून अधिक भरे. यरीहोवरून येणाऱ्यांस शेवटी मोठी चढण लागे. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे आणि यरुशलेम डोंगरावर. २५-२७ किलोमीटरांत सुमारे १,००० मीटर चढावे लागते. आपल्या बायबलातील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे ह्या चढणीच्या वाटेवर गाण्याची होती असे बहुतेक टीकाकार मानतात. परमेश्वराच्या डोंगराकडे पावा वाजवीत जाणाऱ्याच्या मनात जो हर्ष असतो, त्याची उपमा यशया संदेष्टा देतो. ज्यांनी ती वाट पाहिली होती त्यांसच ह्या उपमेची गोडी पूर्ण कळली असेल.

मिश्ना नावाचा यहुदी ग्रंथ इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाला. त्यात प्रथमफळे नेण्याची रीत वर्णिली आहे. आसपासच्या गावांचे लोक एका नगरात जमत व रात्री तेथील चौकातच निजत. पहाटे पुढारी हाक देई आणि तांडा निघे. पुढे एक बैल चाले. त्याची शिंगे सोन्याने मढविलेली व डोक्यावर जैतुनाचा मुकुट. त्यांच्यापुढे पावा वाजे. ते नगराजवळ येत तेव्हा यरुशलेमाचे कारागीर हातचे काम सोडून उभे राहत व त्यांस कुशल विचारीत. श्रीमंत लोक सोन्यारुप्याच्या टोपल्या आणीत, गरीब लोक सोललेल्या वाळुंजाच्या काड्यांच्या टोपल्या आणीत. पण पावा सर्वांपुढे एकच. मंदिराच्या डोंगरापाशी आल्यावर अग्रिप्पा राजाही आपली टोपली आपल्याच खांद्यावर घेई, असे त्यात लिहिले आहे. पोळ्यास बैलाची शिंगे रंगविणाऱ्या आपल्या शेतकरी बंधूंस हे चित्र परके वाटणार नाही.

येथे वाद्याचे दुसरे काम दिसते. ते थकलेल्याचे पाऊल हलके करिते आणि गरीब-श्रीमंतांस एका ठेक्याने चालविते.

४. बाबेलहून परत येणारा तांडा

बाबेलात नेलेल्या लोकांनी तेथे आपल्या वीणा वाळुंजांवर टांगून ठेविल्या होत्या, असे १३७ व्या स्तोत्रावरून कळते. धरून नेणारे करमणुकीसाठी गाणे मागत होते, आणि त्यांच्यासाठी गाणे ह्यांच्या कंठातून निघेना. पुढे इ. स. पूर्व ५३८ मध्ये कोरेश राजाने परत जाण्याची मोकळीक दिली. एज्राने त्या तांड्याची गणती दिली आहे : लोक ४२,३६०, दासदासी ७,३३७, घोडे ७३६, खेचरे २४५, उंट ४३५, गाढवे ६,७२०. हिशेब केला तर सहा माणसांमागे साधारण एकच जनावर पडते. म्हणजे बहुतेकांनी ती वाट पायांनीच तुडविली. पुढे एज्राबरोबर जो दुसरा तांडा आला, त्यास चार महिने लागले (एज्रा ७:९).

ह्याच यादीत आणखी एक आकडा आहे : गाणारे पुरुष व गाणाऱ्या स्त्रिया मिळून २००. धान्य व जनावरे ह्यांची टंचाई असता त्या गरीब तांड्याने गाणाऱ्यांस ओझे मानिले नाही; त्यांची गणती केली. आणि मंदिराचा पाया घातला तेव्हा आसाफाचे वंशज झांजा घेऊन उभे राहिले (एज्रा ३:१०). टांगलेली वाद्ये खाली उतरली, ती करमणूक मागणाऱ्यांसाठी नव्हे, तर देवाच्या उपकारस्मरणासाठी.

५. हलगीविषयी

आता आपल्या खेड्यांतील सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वळू. पुष्कळ गावांत हलगी वाजविणे हे खुशीचे काम नव्हते. ते काही जातींच्या माथी मारलेले होते. पालखी निघाली की वाजविणाऱ्याने पुढे चालावे, आणि देवळाच्या दाराशी आल्यावर बाकीच्यांनी आत जावे व त्याने बाहेर उभे राहावे. ज्यांच्या वडिलांनी हा अपमान सोसला, त्यांस ख्रिस्ताकडे आल्यावर हलगी घराबाहेर टाकाविशी वाटली, ह्यात नवल नाही. अशा बंधूंस आम्ही दोष देत नाही. सक्तीची चाकरी नाकारणे योग्यच होते.

परंतु शास्त्रातील डफ हा हलगीचाच भाऊबंद आहे : लाकडाचे कडे व त्यावर ताणलेले कातडे. मिर्यामेने समुद्र ओलांडल्यावर तोच हाती घेतला, व सर्व बाया डफ घेऊन तिच्यामागे गेल्या (निर्गम १५:२०). त्या कालपर्यंत मिसरात दासी होत्या. मोकळे झाल्यावर त्यांनी वाजविले, आणि त्यांस वाजविण्याची आज्ञा करणारा धनी मागे राहिला होता. दुसऱ्या मिरवणुकीच्या यादीतही एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. ओबेद-अदोम हे नाव तेथे वीणा वाजविणाऱ्यांत आहे आणि द्वारपाळांतही आहे (१ इतिहास १५:१८, २१). देवाच्या घरी वाजविणाऱ्यास दाराबाहेर थांबवीत नाहीत. त्याच्याच हाती दार सोपवितात.

म्हणून ज्या बंधूस मोकळ्या मनाने हलगी ख्रिस्तासाठी वाजवावीशी वाटते, त्यास अडवू नये. आणि ज्याच्या मनाची जखम अजून ओली आहे, त्याच्या हातात ती बळेच देऊ नये; नाही तर सक्तीच पुन्हा आली. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातील नियम येथे लागू पडतो : आपल्या मोकळिकीने भावास ठेच लागू नये. दिंडीची रीत म्हणून जे टाळास भितात त्यांस इतकेच सांगावे की, रे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) ह्यांची भजने मंडळ्यांनी आपलीशी केली, व टाळाच्या साथीने त्यांत ख्रिस्ताचेच नाव गाइले जाते. रीत कोणाची हे पाहण्याआधी नाम कोणाचे हे पाहावे.

६. वाटेसाठी बोध

(१) निघण्याआधी प्रार्थना करावी, आणि कोणती गीते कोण सुरू करील हे ठरवावे. कनन्यासारखा जाणता मनुष्य पुढे असावा.

(२) याकोब लेकरांच्या व गुरांच्या चालीने चालला (उत्पत्ति ३३:१४). वाजविणारे पुढे निघून गेले व म्हाताऱ्या बाया मागे राहिल्या, तर वाद्याचे काम बिघडले.

(३) दवाखाना, शाळा, दुःखाचे घर व रात्रीची वेळ येथे वाद्ये थांबवावी. प्रीती असेल तेथे हे सांगावे लागत नाही.

(४) घरी मजुराची मजुरी बुडवून वाटेत टाळ वाजविला, तर देव तो ऐकत नाही. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायाचा हाच अर्थ आहे.

शेवटी लूकाच्या दुसऱ्या अध्यायातील टोळी आठवा. सण आटोपून लोक परत निघाले, आणि येशू सोबतीच्या लोकांत असेल असे समजून त्याचे आईबाप एक दिवसाची वाट चालले. मग शोध केला, तो येशू तेथे नव्हता. इतकी भली माणसे, इतके नातलग, तरी हे कळण्यास एक दिवस लागला. आपण ढोलकी गाडीत चढवितो, पेटी चढवितो, मुले मोजतो. तसेच दर मुक्कामी थांबून हेही पाहावे की, ज्याच्यासाठी निघालो तो आपल्या सोबत आहे ना. नसल्यास, मरीया व योसेफ ह्यांप्रमाणे तेथूनच मागे फिरावे.

वर्गासाठी प्रश्न

१. रानातील दोन कर्ण्यांचे नाद निरनिराळे का होते?
२. दावीदाच्या दोन मिरवणुकींत कोणती गोष्ट बदलली व कोणती तशीच राहिली?
३. परत येणाऱ्या तांड्यात गाणारे किती होते? त्यांची गणती का झाली असावी?
४. सक्तीने वाजविणे व मोकळेपणाने वाजविणे ह्यांत भेद काय?
५. आपली मंडळी पुढील वेळी सभेस निघेल तेव्हा वाटेवर कोणास सांभाळून घ्यावे लागेल?