गाणे मुद्रित करावयाचे की रचावयाचे?

शाळेच्या संगणक कक्षात गाण्याचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, कोणते सॉफ्टवेअर सगळ्यांत चांगले?" आता माजी विद्यार्थी आणि पालकही हेच विचारू लागले आहेत. माझा उलट प्रश्न असतो : गाणे कोणाचे आहे, आणि ते आधीपासून आहे की अजून व्हायचे आहे?

आपल्या परिसरापुरते पाहू. माटुंग्याच्या लेबर कॅम्पला शाहिरीची जुनी परंपरा आहे. या वस्तीतील डासांवर अण्णा भाऊ साठे यांनी पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. दुसरीकडे आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत पोहोचविला. या गाण्यांचे शब्द वह्यांतून, पुस्तकांतून सापडतात. अनेक चाली मात्र आजही केवळ वृद्ध गायकांच्या कंठात आहेत. त्या उतरवून घेणे हे एक काम. त्यांपासून नवे गाणे रचणे हे दुसरे. दोहोंना एकच साधन योग्य ठरेल असे नाही.

नवे गाणे रचण्यासाठी एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह ही साधने मुलांना आवडतात. त्यांत मात्रांच्या चौकटी आखलेल्या असतात. चौकटीत ठोका ठेवला की ताल तयार होतो. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीवर हे चालते. मिडी आवाज साठवीत नाही. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजला एवढीच नोंद ठेवते. पेटीचे स्वर त्यात सहज बसतात. गळ्यातील मींड मात्र त्या बारा स्वरांच्या मध्ये कोठेतरी असते, आणि ढोलकीची लग्गी चौकटीच्या किंचित पुढेमागे पडते म्हणूनच ती लग्गी वाटते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका वयोवृद्ध गायकांना मी कानाला हेडफोन लावून, यंत्राच्या ठोक्यावर गावयास सांगितले. बाबा दोनदा थांबले. तिसऱ्यांदा त्यांनी गाणे पूर्ण केले, परंतु पाढे म्हणावेत तसे. शेवटच्या कडव्याला लय चढते, झीलकरी ती उचलून धरतात, हे त्या मुद्रणात कोठेही नाही. त्या दिवशी ठोका बंद ठेवावयास हवा होता, एवढे साधे मला सुचले नाही.

म्हणून जुन्या गाण्यांसाठी ध्वनिमुद्रणाला प्राधान्य देणारे साधन घ्यावे. ऑडॅसिटी विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते. एक माइक, एक गायक असेल तर तेवढे पुरे. गायक, पेटी, ढोलकी आणि झीलकरी यांना स्वतंत्र माइक द्यावयाचे असतील, तर तितक्या जोडण्यांचा ऑडिओ इंटरफेस लागेल आणि रीपर अधिक सोयीचे पडेल. ते ६० दिवस संपूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. पुढे परवाना घ्यावा. ॲपलचा संगणक असल्यास गॅरेजबँड विनामूल्य मिळते. एफएल स्टुडिओच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम मात्र ते विकत घेतल्याखेरीज पुन्हा उघडत नाही, हे आधीच ठाऊक असावे.

किमतीपेक्षाही मोठी बाब म्हणजे जतन. प्रत्येक सॉफ्टवेअरची 'प्रोजेक्ट' फाइल त्याचीच असते. दुसऱ्यात ती बहुधा उघडत नाही. काम संपताच प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. एमपी३ ऐकण्यापुरती ठीक, कारण ती आवाजाचा काही भाग कायमचा गाळून टाकते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने चार माइकांचे तासभराचे मुद्रण सुमारे २ जीबी होते. लग्नाच्या व्हिडिओपुढे ते काहीच नाही. दोन प्रती दोन वेगळ्या घरी असाव्यात आणि फाइलच्या नावात गायकाचे नाव, गाण्याचा मुखडा व दिनांक असावा.

खोलीचेही थोडे. पंखा बंद, भिंतीला गोधडी, आणि लोकलचा आवाज कमी असलेली वेळ. गायकाला आपल्याच साथीदारांसमोर बसू द्यावे. पहिले गाणे सुरू होण्यापूर्वीच मुद्रण चालू करावे. चाल कोणाकडून शिकलो, हे गायक बहुधा पेटीचा सूर जुळवतानाच सांगतात.