‘सगळा इन्शुरन्स आहे’ म्हणजे नेमका कशाचा?

सोसायटीच्या रंगकामाची किंवा दुरुस्तीची कोटेशनं उघडली की कमिटीची नजर आधी चौरस फुटाच्या दराकडे जाते, मग वॉरंटीच्या वर्षांकडे. विम्याचा विषय निघालाच तर ठेकेदार ‘सगळा इन्शुरन्स आहे’ म्हणतो आणि सभा पुढच्या मुद्द्याकडे वळते. अशी कागदपत्रं वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. ठेकेदाराचा विमा ही त्याची खासगी बाब नाही. तो नसेल किंवा भलत्याच कामाचा असेल, तर जोखीम नाहीशी होत नाही. ती गुपचूप सोसायटीच्या फंडावर येऊन बसते. स्वस्त वाटलेल्या कोटेशनमध्ये पुष्कळदा नेमका हाच खर्च गाळलेला असतो.

जोखीम केवढी, याचा हिशेब करता येतो. कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं, हे 1923 च्या भरपाई कायद्याचं सूत्र. तेच आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा केंद्राने 2020 साली 15,000 रुपये केली. तीस वर्षांच्या मजुराचा गुणक 207.98, म्हणून भरपाई 15,59,850 रुपये. ही एका माणसाची. ठाण्यात बाळकुमला 10 सप्टेंबर 2023 रोजी 40 मजली इमारतीतली सर्व्हिस लिफ्ट कोसळून 7 मजूर गेले. ते गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून खाली येत होते. पावसाळा तोंडावर आला की आपल्या सोसायट्या काढतात तेच हे काम.

खरा घोळ पॉलिसीच्या नावांत आहे. ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’मधल्या ‘ऑल’वर विसंबू नये. तिचा पहिला भाग चालू कामाच्या नुकसानीचा, दुसरा त्रयस्थाच्या इजेचा आणि मालमत्तेचा. ठेकेदाराचा स्वतःचा मजूर त्रयस्थ नसतो. परांचीवरून तो पडला तर ही पॉलिसी उपयोगी पडत नाही, त्यासाठी कामगार भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. मजूर ईएसआयखाली असतील, तर त्यांच्या नावांसह भरणा झाल्याचा पुरावा मागावा. शिवाय आधीपासून उभी असलेली इमारत या पॉलिसीत आपोआप येत नाही, तसं वेगळं लिहून घ्यावं लागतं. दुरुस्तीच्या कामात तर धोका असतो तो जुन्या इमारतीलाच! ‘पब्लिक लायबिलिटी’ हे नावही असंच फसवं आहे. भोपाळनंतर आलेल्या 1991 च्या कायद्याखालचा विमा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. वरून पडलेल्या विटेने खालच्या गाडीची काच फुटली, तर त्याचा काही उपयोग नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. ठेकेदाराने चुकवलेली भरपाई काम देणाऱ्याकडून मागता येते, पण ते काम त्याच्या व्यापार-धंद्याचा भाग असेल तर. सोसायटी कुठे धंदा करते, असं विचारलं जातं. हा बचाव टिकूही शकेल, पण तो मांडायला वर्षं आणि वकील लागतात. गच्चीचा कठडा मोडका होता, हे माहीत असून माणूस वर पाठवला, असा निष्काळजीपणाचा दावा तर स्वतंत्रच उभा राहतो. कोणी म्हणतं, मजुरांची 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहेच. ती प्रत्येकाने जरूर घ्यावी, पण ते 2 लाख त्याच्या स्वतःच्या विम्याचे. त्यामुळे भरपाईची जबाबदारी हलकी होत नाही. बांधकामावरचा 1 टक्का कामगार कल्याण उपकरही विमा नव्हे. सगळ्यांत वजनदार आक्षेप छोट्या रंगाऱ्याचा आहे. चार माणसं घेऊन काम करणाऱ्याला प्रीमियम परवडत नाही, हे खरं. अशा वेळी त्याला बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने एका कामापुरती पॉलिसी घ्यावी, प्रीमियम कोटेशनमध्ये वेगळा दाखवावा आणि सोसायटीने तो द्यावा. मग दरांची तुलनाही प्रामाणिक होते.

दुकान किंवा ऑफिसच्या फिटआउटमध्ये आणखी एक गोष्ट असते. वेल्डिंगच्या ठिणगीने आग लागली, तर मालकाची विमा कंपनी मालकाला पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून दोषी ठेकेदाराकडून वसुली करू शकते. म्हणून त्रयस्थ नुकसानीची मर्यादा इमारतीच्या किमतीकडे बघून ठरवावी, ठेकेदाराच्या बिलाकडे बघून नव्हे.

पॉलिसी हातात आली की ‘दहा मजूर, तळमजल्यावरचं काम’ असं लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात पंचवीस माणसं दोरावर लटकणार आहेत, असं तर नाही ना, हे पाहावं. पत्ता आपल्याच इमारतीचा हवा आणि पोटठेकेदाराची माणसंही त्यात धरलेली हवीत. विमा कायद्याच्या कलम 64व्हीबीप्रमाणे प्रीमियम मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम पत्करत नाही. न वटलेल्या चेकवरची पॉलिसी संकटात टाकते, म्हणून झेरॉक्सवर न थांबता कंपनीकडून खात्री करून घ्यावी. आणि शेवटची तारीख पाहावी. मेमध्ये संपायचं काम पावसामुळे दिवाळीपर्यंत लांबतं, पॉलिसी मात्र जूनमध्येच संपलेली असते. मुदतवाढीचा कागद हाती येईपर्यंत परांचीवर कोणालाही चढू देऊ नये, ही अट वर्क ऑर्डरमध्येच लिहून टाकावी.