या महिन्याचा अभ्यास : विश्वविजेत्या मानसी जोशी



मागच्या महिन्यात पारनेर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. तिथे एका मावशींनी शेळ्यांसाठी कर्ज मागितलं. दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये त्यांचा उजवा हात गेला. त्यांची मागणी ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग एक ताई म्हणाल्या, "मावशींना आता शेळ्या कशा झेपतील? फेड कोण करणार?" मावशी म्हणाल्या, "आत्ता पण शेळ्या मीच चारते. एक हात गेलाय, दुसरा आहे ना." यावर कुणीच बोललं नाही. खरं सांगते, मीही बोलले नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

ती गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणून या महिन्याच्या अभ्यासाला मी मानसी जोशी यांचं आयुष्य घेतलं आहे. गटात एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

अपघात आणि नंतर

मानसीताईंचा जन्म १९८९ चा. त्या मुंबईत वाढल्या. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला होते. लहानपणी वडिलांबरोबर त्या बॅडमिंटन खेळायला शिकल्या. पुढे इंजिनिअर झाल्या आणि नोकरीला लागल्या.

२ डिसेंबर २०११ ला दुचाकीवरून कामावर जाताना एका ट्रकने त्यांना धडक दिली. डाव्या पायाचा चेंदामेंदा झाला. लोक मदतीला धावले, पण योग्य दवाखान्यात पोचून ऑपरेशन होईपर्यंत बराच वेळ गेला. डॉक्टरांनी पाय वाचवायची खटपट केली, पण जखम चिघळली आणि पाय कापावा लागला. वय होतं २२.

पुढे कृत्रिम पाय बसवला, पुन्हा चालायला शिकल्या, पुन्हा नोकरीवर गेल्या. २०१२ मध्ये ऑफिसच्या बॅडमिंटन स्पर्धेत उतरल्या आणि दोन्ही पाय असलेल्या खेळाडूंना हरवून जिंकल्या. पॅरा बॅडमिंटन, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचं बॅडमिंटन, त्यांना नीरज जॉर्ज या खेळाडूने सुचवलं. नीरज स्वतः एका पायावर खेळणारे.

सुरुवातीला भारताच्या संघात निवड झाली नाही. मग २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीत रौप्य पदक आलं. २०१७ मध्ये एकेरीत कांस्य. २०१८ पासून हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत सराव सुरू केला. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात अंतिम सामना झाला. समोर होत्या अनेक वेळा विश्वविजेत्या ठरलेल्या, आपल्याच देशाच्या पारुल परमार. मानसीताई २१-१२, २१-७ अशा जिंकल्या आणि जगज्जेत्या झाल्या. त्याच महिन्यात त्याच शहरात पी. व्ही. सिंधूही जिंकली. टीव्हीवर सिंधू आपण सगळ्यांनी पाहिली, मानसीताईंचं नाव मात्र बऱ्याच जणींना आज पहिल्यांदा कळत असेल.

२०२० मध्ये 'टाइम' मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. त्यांच्यासारखी, कृत्रिम पाय असलेली बार्बी बाहुलीही निघाली. २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मात्र गटसाखळीतच हरल्या. पदक नाही मिळालं, तरी खेळाडू त्या आहेतच.

जिद्द होतीच, पण एवढंच नव्हतं

अशी गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, "केवढी जिद्द!" आणि पुढच्या विषयाला लागतो. मला यात अडचण वाटते. जिद्द आपल्या मावशींकडेही आहे. मग फरक कुठे पडला, ते बघा.

एक, पाय. मानसीताईंना बसेल असा पाय मिळाला. खेळासाठीचे असे पाय महाग असतात, हे खरं. पण रोजच्या कामासाठी 'जयपूर फूट' आहे. ते आपल्याकडच्या माणसांचा विचार करून बनवलं आहे : अनवाणी चालता येतं, चिखलात जाता येतं, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं. त्याची मोफत शिबिरं होतात.

दोन, सोबत. घरच्यांनी त्यांना "आता बस घरात" म्हटलं नाही. मैदान, शिकवणारे, बरोबर खेळणारे मिळाले.

तीन, नियम. पॅरा बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे अडचणीप्रमाणे गट असतात. मानसीताई 'एसएल-३' गटात खेळतात. त्यात पायाने जास्त अडचण असलेल्या, पण उभ्याने खेळणाऱ्या खेळाडू असतात. त्यांच्या एकेरीला अर्ध्या रुंदीचं कोर्ट असतं. ही दया नाही. सामना बरोबरीचा व्हावा म्हणून केलेली सोय आहे. गुण तेवढेच, २१. आणि नियम नसला तर काय होतं तेही बघा : टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या गटाची महिला एकेरी ठेवलीच नव्हती. जगज्जेती असून एकेरी खेळायला जागा नाही!

म्हणजे ताईंनो, जिद्द बाईची असते, पण पाय, सोबत आणि नियम बाकीच्यांनी द्यायचे असतात. आपला गट हेच देऊ शकतो.

आपल्या हातात काय आहे

- यूडीआयडी कार्ड : ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर योजनांचा लाभ मिळतो. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी दवाखान्यात. एकटीला धाडू नका, गटातली एक जण सोबत जा.
- ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी : स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हिशेब विचारा.
- बैठकीची जागा : माडीवर, पायऱ्या चढून बैठक असेल तर खाली घ्या.
- दिव्यांगांचा गट : उमेद अभियानात दहा नाही, पाच जणीही गट करू शकतात. पण आहे त्या गटातून कुणाला काढण्यासाठी हे कारण वापरू नका.
- अपघात : लगेच १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, घाबरू नका.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात दिव्यांग महिला किती? त्यातल्या गटात किती? पदाधिकारी किती?
२. आपण कुणाचं कर्ज, सही किंवा पद "तिला झेपणार नाही" म्हणून थांबवलं आहे का? तिला विचारलं होतं का?

शेवटी, त्या मावशींचं. मी परत जाऊन गटाचं रजिस्टर उघडलं. हात गेल्यानंतर त्यांनी एक कर्ज घेतलं होतं. सगळे हप्ते वेळेवर, एकही दंड नाही. लिहिलेलं आमच्या सगळ्यांसमोर होतं, आम्ही पाहिलं फक्त हाताकडे. पुढची बैठक या आठवड्यात आहे. यावेळी मी रजिस्टर उघडूनच बसणार आहे.

तुमच्या बैठकीत काय ठरलं, ते सीआरपी ताईंकडे लिहून द्या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक