खुर्चीतून उठताना बघ

सूनबाई, मांजलपूरचा दवाखाना आता तुझ्या हाती. नवी औषधं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हाताऱ्या पेशंटांचं तेवढं सांगून ठेवतो.

आजोबा आत आले की आधी फाइल उघडू नकोस, चाल बघ. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धर.

मग पाच गोष्टी तपास: वजन आपोआप उतरलंय का, सारखा थकवा आहे का, मुठीतला जोर गेलाय का, चाल मंदावलीय का, हिंडणंफिरणं कमी झालंय का. लिंडा फ्रीड यांनी २००१ साली मांडलेली ही पाच लक्षणं. तीन जुळली तर माणूस आतून खचलाय. एक-दोन असतील तर सावरायला वाव आहे. वजन कुणाच्या लक्षात नसतं. तेव्हा विचार, ‘बांगड्या सैल झाल्या का? पट्ट्याला नवं भोक पाडलं का?’

घरचे गुजरातीत म्हणतील, ‘हवे उंमर थई गई’, आता वय झालं. मान डोलावू नकोस. परवापर्यंत धड असलेली आजी अचानक बरळायला लागली, तर तो वयाचा दोष नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम, नवी गोळी, सगळं शोध. ताप नसला तरी शोध.

गोळ्यांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लाव. एकच औषध दोन नावांनी चाललेलं सापडेल. झोपेची गोळी तोल घालवते, सर्दीची लघवी अडवते. कमी करताना एका वेळी एकच. झोपेची तर हळूहळूच.

मुलं परदेशी, इथे दोघंच. मग रात्रीचं जेवण म्हणजे चहा-खारी. वजनाच्या किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत: घट्ट वरण, मूग, दही, पनीर. मूत्रपिंड अधू असेल तर मात्र बेतानं. जोडीला रोज खुर्चीतून दहा वेळा उठबस, कुणीतरी जवळ असताना.

सत्तरी उलटलेल्या प्रत्येकाला आयुष्मान कार्ड काढायला सांग. २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही. ते दुखण्याआधी काढायचं, दुखण्यात नव्हे.

शेवटचं, माझ्या चुकीतून शिकलेलं. एका आजींचं बीपी नुसतं बसल्या जागी मोजून मी गोळी वाढवली. आठवड्यात त्या पहाटे न्हाणीघराकडे जाताना पडल्या, खुबा मोडला. तेव्हापासून आधी झोपवून बीपी घेतो आणि उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० नं उतरला, तर गोळी वाढवायची नाही, कारण शोधायचं.

बाहेर रांग कितीही असो, म्हाताऱ्या माणसाला उभं करून बीपी मोजल्याशिवाय घरी धाडू नकोस.