घरपोच किराणा आणि शहराचा भूगोल



आपले एक सभासद मध्यंतरी पुण्याला लेकीकडे जाऊन आले. सांगत होते, "चहा ठेवला आन् डब्यात साखर नाही. पोरीनं फोनवर बोट लावलं, तर धा-बारा मिनिटांत पुडा दारात!" हे कसे घडते, ते समजून घेऊ.

अंतराचा हिशेब आपल्याला नवा नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, उताराही घटतो. शिवाय टनभर उसातून साखर निघते ती साधारण शंभर किलो. म्हणून कारखाना उसाजवळ उभा राहतो. शहरात हेच गणित उलटे होते. मागणी किलो-अर्ध्या किलोची आणि घाई मोठी; म्हणून माल गिऱ्हाइकाजवळ ठेवावा लागतो.

समजा, दहा मिनिटांपैकी चार मिनिटे माल काढण्या-बांधण्यात गेली. उरलेल्या सहा मिनिटांत ताशी २० किलोमीटर वेगाने दुचाकी दोनच किलोमीटर जाईल. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात जास्तीत जास्त साडेबारा चौरस किलोमीटर भाग येतो. म्हणजे एका मोठ्या गोदामाने शहर भागत नाही. वस्तीवस्तीत छोटी गोदामे लागतात. त्यांना 'डार्क स्टोअर' म्हणतात. आत दुकानासारख्या फळ्या असतात, पण गिऱ्हाइकाला प्रवेश नाही. २०२० मध्ये इन्स्टामार्ट, २०२१ मध्ये झेप्टो सुरू झाले. त्याच वर्षी ग्रोफर्सचे ब्लिंकिट झाले आणि ही पद्धत आपल्याकडे फोफावली.

घरी माल पोचविणे वाण्याचा पोऱ्याही करीत होताच. फरक असा, की वाण्याचे दुकान उघडे असते. ओळख असते, उधारीची वही असते. डार्क स्टोअर रस्त्याला पाठ करून बसते. बाहेर दुचाक्यांची दाटी आणि मालाच्या गाड्यांची ये-जा तेवढी वाढते. म्हणूनच ॲमस्टरडॅमने २०२२ च्या सुरुवातीला नव्या डार्क स्टोअरना मनाई केली. पॅरिसमध्ये वाद न्यायालयात गेला. मार्च २०२३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितले, की नगररचनेच्या दृष्टीने ही दुकाने नव्हेत, गोदामे आहेत. नाव बदलले, तसे नियमही बदलले.

आपला संबंध काय? त्या पिशवीत साखर असते, आणि ती नेणाऱ्या दुचाकीवर कित्येकदा गावाकडचाच पोरगा असतो. तोडणी मजुराला टनामागे पैसे, तसे याला बहुधा खेपेमागे. अंतर कापण्याचा भार त्याच्यावर पडतो. तेव्हा घरचा मुलगा या कामाला निघाला, तर पेट्रोल कुणाचे, अपघात झाला तर विमा कुणाचा, हे आधी विचारून घ्यावे.

शेवटी शाळकरी मुलांसाठी एक अभ्यास. नकाशावर आपल्या गावाभोवती दोन किलोमीटरचे वर्तुळ काढा आणि आतली घरे मोजा. मग तेच वर्तुळ पुण्याच्या एखाद्या पेठेभोवती काढा. ही सेवा आपल्या गावात का येत नाही, याचे उत्तर तुम्हालाच सापडेल.