शाँतक्लेर : हिमप्रदेशातील शुभ्र कोंबडी

प्रास्ताविक

कोंबडी हा पक्षी आपल्या इतक्या परिचयाचा आहे की त्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गायीच्या किंवा बैलाच्या जातीविषयी शेतकरी अभिमानाने बोलतो, आंब्याच्या जातींवरून तर घरोघरी वाद होतात; कोंबडीच्या बाबतीत मात्र ‘गावरान’ आणि ‘ब्रॉयलर’ एवढी विभागणी आपल्याला पुरेशी वाटते. प्रस्तुत पाठात कॅनडा देशातील एका पांढऱ्या कोंबडीची हकिगत आली आहे. ही जात एका मठवासीयाने जाणीवपूर्वक घडविली. पुढे ती नाहीशी झाली असे जाणकारांनी मानले, आणि तरीही ती टिकली. पाठ वाचताना या पक्ष्याच्या शरीरावरील प्रत्येक लक्षणामागे कोणते कारण आहे, याकडे विशेष लक्ष द्यावे.

मूलपाठ

कोंबड्याच्या डोक्यावरचा लाल तुरा आणि चोचीखाली लोंबणारे लाल मांसल लोलक ही केवळ शोभेची लेणी नव्हेत. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास तिला या उघड्या, रक्ताने भरलेल्या भागांचा मोठा उपयोग होतो. म्हणूनच उष्ण प्रदेशात मोठा तुरा हे वरदान ठरते. परंतु जेथे हिवाळ्यातील रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे हेच वरदान शाप होते. तुऱ्याची टोके गोठतात, काळी पडतात आणि झडून जातात. हिमदंशाने पीडित झालेला नर काही काळ प्रजननास निरुपयोगी ठरतो, आणि माद्यांचे अंडी देणे मंदावते. विजेच्या दिव्यांनी उजळलेली व उबदार ठेवलेली खुराडी नव्हती त्या काळी कॅनडाच्या शेतकऱ्याला हिवाळ्यात ताजे अंडे मिळणे दुर्लभ होते.

कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, माँट्रिऑल शहराच्या पश्चिमेस ओका नावाचे गाव आहे. फ्रान्सहून आलेल्या त्रापिस्त पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी १८८१ साली येथे मठ स्थापन केला. मौन, प्रार्थना आणि श्रम ही या पंथाची त्रिसूत्री होय. आपल्या हातांनी पिकवावे आणि त्यावर जगावे, असा त्यांचा नियम. त्यामुळे मठाभोवती फळबागा, गोठे आणि कुक्कुटशाळा उभ्या राहिल्या. येथे तयार होणारे चीज पुढे दूरवर प्रसिद्ध झाले. मठाने शेतीचे विद्यालयही चालविले. या विद्यालयातील कुक्कुटपालनाचे काम ब्रदर विल्फ्रिड शातलाँ यांच्याकडे होते.

ब्रदर विल्फ्रिड यांच्या कुक्कुटशाळेत नाना जातींच्या कोंबड्या होत्या. त्यांतील लेगहॉर्न मूळची इटलीची, कॉर्निश इंग्लंडची, तर वायनडॉट, प्लिमथ रॉक आणि ऱ्होड आयलंड रेड या तिन्ही अमेरिकेच्या. कॅनडाच्या मातीत घडलेली अशी एकही जात त्यांत नव्हती. ही उणीव त्यांच्या मनाला लागली. हिवाळ्यातही अंडी देणारी, खाण्यासाठी अंगाने भरदार आणि थंडीने गोठून जाईल असा तुरा नसलेली कोंबडी निर्माण करावयाची, असा संकल्प त्यांनी केला. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्रापिस्त परंपरेत मांसाहार वर्ज्य मानला जातो. म्हणजे ज्या पक्ष्याचे मांस उत्तम व्हावे म्हणून हा साधू वर्षानुवर्षे झटला, ते त्याच्या स्वतःच्या ताटासाठी नव्हते.

प्रत्यक्ष कामाला १९०८ साली आरंभ झाला. प्रथम दोन स्वतंत्र संकर करण्यात आले. एकात गडद रंगाच्या कॉर्निश जातीचा नर आणि पांढऱ्या लेगहॉर्नच्या माद्या होत्या. दुसऱ्यात ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर आणि पांढऱ्या वायनडॉटच्या माद्या. पुढील वर्षी पहिल्या संकरातील तलंगांना दुसऱ्या संकरातील तरुण नर देण्यात आले. १९१० साली या संततीतील निवडक माद्यांचा मेळ पांढऱ्या प्लिमथ रॉक नराशी घालण्यात आला. येथपर्यंतचा भाग ऐकण्यास सोपा वाटतो. खरे कष्ट त्यानंतरचे होते, कारण पाच जातींचे रक्त एकत्र आल्यावर पिले पाच तऱ्हांची निपजतात. कोणाचा तुरा मोठा, कोणाच्या पिसांत काळी छटा, कोणी अंगाने खुजे. दर पिढीत थोडीच पिले ठेवावयाची आणि बाकीची बाजूला काढावयाची, हे काम वर्षामागून वर्षे चालले. १९१८ साली ही जात लोकांसमोर आली आणि १९२१ साली अमेरिकन कुक्कुटपालन संघाने आपल्या प्रमाणग्रंथात तिची नोंद केली.

जातीला नाव मिळाले ‘शाँतक्लेर’. फ्रेंच भाषेत ‘शाँते’ म्हणजे गाणे आणि ‘क्लेर’ म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. मध्ययुगीन फ्रेंच कोल्ह्याच्या कथांमधील कोंबड्याचे नावही हेच आहे. पुढे एदमों रोस्ताँ या नाटककाराने १९१० साली याच नावाचे नाटक रंगभूमीवर आणले. आपण आरवतो म्हणूनच सूर्य उगवतो, अशी त्यातील कोंबड्याची प्रामाणिक समजूत असते!

आता या पक्ष्याचे रूप पाहू. नराचे वजन सुमारे पावणेचार ते चार किलोग्रॅम, मादीचे सुमारे तीन किलोग्रॅम. पिसे शुभ्र, चोच व पाय पिवळे. वरची पिसे अंगाला घट्ट बिलगलेली, तर त्यांच्याखाली मऊ लवेचा दाट थर. तुरा अगदी बसका व गुळगुळीत असून डोक्यावर लहानशी उशी ठेवावी तसा दिसतो. लोलक तर इतके लहान की ते चटकन नजरेस येत नाहीत. अंडी तपकिरी. पांढरा रंग केवळ देखणेपणासाठी निवडलेला नव्हता. गडद रंगाची कोंबडी सोलल्यावर कातडीत राहिलेली कोवळ्या पिसांची खुंटे काळी दिसतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. पांढऱ्या कोंबडीत ती लपून जातात. एका साधूने बाजाराचा एवढा बारकाईने विचार करावा, याचे नवल वाटते खरे. पण मठाचा निर्वाहही शेवटी शेतमालावरच चालत होता.

हा बसका तुरा आला कोठून, हा प्रश्न आपल्याला थेट भारतात आणून सोडतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात एकोणिसाव्या शतकात कॉर्निश जात घडली, ती भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांच्या रक्तातून. ब्रिटनमध्ये या जातीला ‘इंडियन गेम’ असेच नाव आहे. ती घडविणाऱ्यांत बंगालच्या सैन्यात सेवा केलेले सेनानी सर वॉल्टर गिल्बर्ट यांचे नाव घेतले जाते. ‘असील’ म्हणजे अस्सल. आंध्र प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगड या भागांत झुंजीसाठी जोपासली गेलेली ही जात उंच मानेची, रुंद छातीची आणि अत्यंत चिवट असते. झुंजणाऱ्या कोंबड्याला मोठा तुरा असणे म्हणजे शत्रूच्या चोचीत आपले डोके देणेच होय. असीलचा तुरा लहान असतो आणि त्यावर वाटाण्याच्या दाण्यांसारख्या तीन बुटक्या रांगा दिसतात. हाच वाटाणा तुरा कॉर्निश जातीत उतरला. दुसरीकडे वायनडॉटचा तुरा पसरट व खडबडीत असतो. त्याला गुलाब तुरा म्हणतात. वाटाणा तुरा आणि गुलाब तुरा यांचा संकर केल्यास दोहोंहून निराळा, अक्रोडाच्या कवचासारखा तुरा निपजतो, हे बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच दाखवून दिले होते. शाँतक्लेरमध्ये हे दोन्ही वारसे एकत्र आले. झुंजीच्या आखाड्यात शत्रूची चोच चुकविण्यास उपयोगी पडलेले लक्षण अशा रीतीने हिमप्रदेशात थंडी चुकविण्यास उपयोगी पडले.

शाँतक्लेरचा लौकिक वाढला. अल्बर्टा प्रांतातील डॉ. विल्किन्सन यांनी वेगळ्या जातींच्या संकरातून तित्तिरासारख्या तपकिरी नक्षीची कोंबडी निर्माण केली, आणि १९३५ साली तिलाही शाँतक्लेर याच नावाखाली मान्यता मिळाली. तथापि मूळ जात पांढरीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कुक्कुटपालनाचे स्वरूप पालटले. एकच कोंबडी अंडीही देईल आणि मांसही देईल, ही परसदारातील अपेक्षा मागे पडली. अंड्यांसाठी एक संकरित वाण आणि मांसासाठी दुसरे, अशी वाटणी झाली. अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ निवडण्यासाठी मोठी स्पर्धा घेण्यात आली. १९४८ च्या अंतिम फेरीत कॉर्निश रक्ताच्या संकराने बाजी मारली. पुढे कॉर्निश आणि पांढरी प्लिमथ रॉक यांच्या वंशांतून आजची ब्रॉयलर कोंबडी उभी राहिली. हे दोन्ही वंश शाँतक्लेरच्या घडणीतही होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिला बाजारातून हुसकावणारी कोंबडी अशी तिच्याच भाऊबंदांतली निघाली. सहा आठवड्यांत विक्रीस तयार होणाऱ्या पक्ष्यापुढे, वाढीला कित्येक महिने घेणाऱ्या पक्ष्याचा निभाव लागणे शक्यच नव्हते. त्यातच शेड उबदार झाल्या. आत बारा महिने सारखे हवामान असेल, तर लहान तुऱ्याचे मोल कोण देणार? ज्या थंडीसाठी ही जात घडली, ती थंडीच कोंबडीच्या आयुष्यातून नाहीशी झाली.

ओकाचे शेतकी विद्यालय १९६२ साली बंद झाले. शाँतक्लेरचे कळप एकामागून एक मोडले गेले. अखेर १९७९ साली सस्कॅचवान विद्यापीठातील शेवटचा शाँतक्लेर कोंबडा मेला, तेव्हा ही जात नामशेष झाली असे जाहीरपणे मानले गेले. प्रमाणग्रंथात तिचे वजन, रंग, तुरा, पाय यांचे वर्णन जसेच्या तसे होते. पण वर्णनातून पिले निघत नाहीत.

नंतर शोध सुरू झाला तेव्हा असे आढळले की काही लहान शेतांवर शाँतक्लेर कोंबड्या पूर्वीप्रमाणेच दाणे टिपत होत्या. त्या पाळणाऱ्यांनी काही मोठे जतनकार्य हाती घेतले होते असे नाही. आजोबांच्या वेळेपासून घरात ही कोंबडी होती, हिवाळ्यात अंडी देत होती, म्हणून त्यांनी ती ठेवली. आपल्या खुराड्यातील पक्षी संपल्याची वार्ता त्यांच्या कानी गेली असेल, असेही वाटत नाही. संस्थांनी गमावलेले धन विसरभोळेपणाने म्हणा किंवा सवयीने म्हणा, या शेतांनी राखले.

१९९९ साली क्युबेकच्या विधिमंडळाने कायदा करून तीन पशुपक्ष्यांच्या जातींना प्रांताचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. त्या जाती म्हणजे कॅनेडियन घोडा, कॅनेडियन गाय आणि शाँतक्लेर कोंबडी. मान्यतेने जातीचा मान वाढला, मात्र अडचणी सरल्या नाहीत. कळप लहान असला की नात्यातल्या नात्यात संयोग घडतात. अंडी कमी उबतात, पिले अशक्त निपजतात. म्हणून पाळणाऱ्यांना दूरच्या कळपातील नर आणावे लागतात. निवडीत ढिलाई झाली तर काही पिढ्यांत तुरा पुन्हा वाढू लागतो आणि केवळ पांढरा रंग पाहून ‘शाँतक्लेर’ म्हणून विकले जाणारे पक्षी जातीच्या मूळ गुणांना पारखे होतात. अमेरिकेतील पशुधन जतन करणाऱ्या संस्थेने जतनाची गरज असलेल्या जातींच्या यादीत तिचा समावेश केला आहे.

ओकाच्या साधूंनी २००९ साली तो जुना मठ सोडला आणि ते क्युबेकमधीलच सेंट-झाँ-द-माथा येथील लहान मठात राहावयास गेले. शाँतक्लेर आज त्या आवारात नाही. कॅनडातील आणि अमेरिकेच्या थंड प्रदेशातील विखुरलेल्या शेतांवर ती आहे. जानेवारीच्या पहाटे शेतकरी खुराड्याचे दार उघडतो, पाण्याच्या भांड्यावर साचलेला बर्फ फोडतो आणि गवतातून तपकिरी अंडे उचलतो. फार वेळ तेथेच राहिले तर तेही गोठून तडकते, म्हणून त्याला घाई करावी लागते.

स्वाध्याय

१. उष्ण प्रदेशात उपयुक्त असलेला मोठा तुरा थंड प्रदेशात कोंबडीला घातक का ठरतो?

२. ‘वर्णनातून पिले निघत नाहीत’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. असील कोंबडी आणि शाँतक्लेर यांचा संबंध आपल्या शब्दांत सांगा.

४. शाँतक्लेर कोणी टिकविली, असे आपल्याला वाटते? मठाने, कायद्याने की शेतकऱ्यांनी? कारणे द्या.

५. आपण राहता त्या राज्यातील कोंबडीच्या एखाद्या स्थानिक जातीची माहिती जाणत्या व्यक्तीस विचारून दहा ओळींत लिहा. तलंग, खुडूक, खुराडे या मराठी शब्दांसाठी तेथील भाषेत कोणते शब्द वापरतात, तेही नोंदवा.